‘स्पष्ट’ लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

“सर्व सभासदांना स्पष्ट सूचना देण्यात येते की, टाकीच्या साफसफाईमुळे परवा पाणीपुरवठा बंद राहील. आपण योग्य ती व्यवस्था करावी व सहकार्य करावे.”

नाशकातल्या कुठल्याही सोसायटीत लिफ्टशेजारी असा कागद चिकटवलेला सापडेल. ‘स्पष्ट’ हा शब्द त्यात आहे, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कागद कधी लावला ते लिहिलेलं नाही, म्हणून ‘परवा’ कुठला ते कळत नाही. पाणी दिवसभर बंद की सकाळपुरतं? पिण्याचंही बंद की फक्त वापरायचं? ‘योग्य ती व्यवस्था’ म्हणजे बादल्या भरून ठेवायच्या की टँकर सांगायचा? मग प्रत्येक जण सचिवांना फोन करतो आणि सचिव प्रत्येकाला तीच गोष्ट तोंडी सांगत बसतात.

वाचून झाल्यावर माणसाला पुढे काय करायचं हे कुणाला विचारावं लागलं नाही, तर ते लिखाण स्पष्ट. माझ्या लेखी एवढी एकच कसोटी आहे. सोसायटीची सूचना, तलाठ्याकडचा अर्ज, द्राक्षाची सौदापावती, लग्नाच्या बसचा निरोप, सगळ्याला तीच लागू होते. त्या कसोटीला उतरायचं कसं, ते इथे क्रमाने लिहितो. सुरुवात शब्दापासूनच करू, कारण तो चुकीच्या जागी फार वापरला जातो.

शब्द नीट ओळखून घ्या

‘स्पष्ट’ संस्कृतातून आला. त्याचा धातू ‘स्पश्’, अर्थ पाहणे. हेराला संस्कृतात ‘स्पश’ म्हणतात, तोही याच धातूचा. त्यामुळे हा शब्द मुळात डोळ्यांचा आहे. पाऊस उघडला की पांडवलेणीचा डोंगर स्पष्ट दिसतो. तिथून तो कानाकडे गेला (उच्चार स्पष्ट हवेत) आणि मग विचाराकडे (भूमिका स्पष्ट करा).

वाक्यात तो बदलत नाही: स्पष्ट मत, स्पष्ट भूमिका, स्पष्ट शब्दांत. क्रियापदाबरोबर ‘स्पष्ट बोला’ आणि ‘स्पष्टपणे बोला’ दोन्ही चालतं. ‘स्पष्ट करणे’ आणि ‘स्पष्ट होणे’ ही त्याची नेहमीची जोडकामं. अलीकडे ऑफिसच्या मेलमध्ये ‘कृपया याबाबत स्पष्टता द्यावी’ असं दिसतं. ते कानाला खटकतं, कारण मराठीत स्पष्टता असते, येते, आणावी लागते. द्यायचं असतं ते स्पष्टीकरण. तसंच ‘हे स्पष्ट आहे की निधी संपला आहे’ या वाक्याचं. मराठी वाक्य आधी गोष्ट सांगतं आणि मग तिच्यावर शिक्का मारतं: ‘निधी संपला, हे उघड आहे.’ किंवा ‘या हिशोबावरून निधी संपल्याचं स्पष्ट होतं.’

त्याची भावंडं बरीच आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. हस्ताक्षर वाचता येणं म्हणजे सुवाच्य. झेरॉक्स किंवा फोटो नीट उमटणं म्हणजे सुस्पष्ट. अक्षर लांबून नजरेत भरणं म्हणजे ठळक. पुरावा द्यायची गरजच नसणं म्हणजे उघड. वाचताना सहज समजणं म्हणजे सुबोध, आणि इथे थोडं थांबायला हवं: वकिलाने लिहिलेलं खरेदीखत शब्दन् शब्द स्पष्ट असू शकतं आणि तरीही सुबोध नसतं. चतुःसीमा, क्षेत्र, बोजा, सगळं अचूक असतं, पण घरातल्या आजोबांना ते उमगत नाही. अशा वेळी खतातले शब्द बदलायला जाऊ नका. सोबत सोप्या भाषेत एक पान वेगळं लिहून द्या.

‘साफ’ हा जवळचा वाटतो, पण त्याला धार आहे. साफ नकार, साफ खोटं, साफ विसरलो. या सगळ्यांत ‘साफ’चा अर्थ ‘पूर्णपणे’ असा आहे. ‘त्यांना साफ सांगितलं’ म्हटलं की ऐकणारा भांडण झालं असं धरून चालतो. ‘स्पष्टच सांगतो’ हीसुद्धा तशीच सुरुवात. समोरचा माणूस लगेच अंग चोरतो. म्हणून सूचनेत ‘स्पष्ट सूचना’ लिहिलं की माहिती तसूभरही वाढत नाही आणि दरडावल्याचा वास मात्र येतो.

‘खुलासा’ सर्वांत जपून वापरा. अरबीत आणि उर्दूत त्याचा अर्थ सार, गोषवारा असा आहे. मराठीत तो उलगडा, स्पष्टीकरण या अर्थाने रुजला. सरकारी पत्रव्यवहारात मात्र ‘लेखी खुलासा सादर करावा’ हे ज्याच्याकडून चूक झाल्याचा संशय आहे त्याला लिहितात. मुलीच्या शाळेत बाईंना फीबद्दल शंका विचारताना ‘याचा खुलासा करावा’ लिहिलंत, तर तुम्ही त्यांना जाब विचारताय असं होतं. ‘मॅडम, या पावतीतली दुसरी रक्कम कशाची आहे ते सांगाल का?’ एवढं पुरतं.

मग ‘स्पष्ट’ हा शब्द लिहायचा तरी कुठे? एखादी गोष्ट कुठे लिहिली आहे याकडे बोट दाखवायचं असेल तेव्हा: ‘मैदान खाजगी समारंभाला देऊ नये असं मार्चच्या ठरावात स्पष्ट नमूद आहे.’ किंवा दोन गोष्टींतला फरक सांगायचा असेल तेव्हा: ‘त्यांनी होकार दिलेला नाही आणि स्पष्ट नकारही दिलेला नाही.’ इतर बहुतेक ठिकाणी तो काढून पाहा. वाक्याचं काही अडत नाही.

दोष कोणता आहे ते आधी ठरवा

‘हे क्लिअर नाही’ असं आपण सरसकट म्हणून टाकतो. मराठीत मात्र यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, आणि ते वापरले की दुरुस्ती कुठे करायची तेही कळतं.

अस्पष्ट म्हणजे नीट दिसत किंवा कळतच नाही: अक्षर पुसट आहे, वाक्य अर्धवट आहे, एखादा शब्द अनोळखी आहे. इथे पुन्हा लिहावं लागतं.

संदिग्ध म्हणजे कळतं, पण दोन प्रकारे कळतं. हा दोष फसवा आहे, कारण वाचणाऱ्याला शंकाच येत नाही. त्याला एक अर्थ दिसतो आणि तो तोच खरा धरतो. लिहिणाऱ्याच्या मनात दुसरा असतो. इथे जास्त लिहून उपयोग नाही. दोन अर्थांपैकी एकाचं दार बंद करणारा शब्द शोधावा लागतो.

मोघम म्हणजे अर्थ एकच आहे, पण त्याला माप नाही. लवकर, थोडे, योग्य, आवश्यक, शक्यतो, ठरल्याप्रमाणे. इथे आकडा, तारीख किंवा नाव घालावं लागतं.

आणि गुळमुळीत. हा दोष भाषेचा नाही. लिहिणाऱ्याला नाही म्हणायचं आहे आणि म्हणवत नाही. ‘बघू, जमलं तर करतो, विचार करून कळवतो.’ इथे व्याकरण काही करू शकत नाही; आधी स्वतःशी निर्णय घ्यावा लागतो. आपल्याकडे तोंडावर नकार देणं जड जातं, हे मला समजतं. पण पाच दिवस वाट पाहून मंगल कार्यालय दुसऱ्याला गेलेल्या वधूपित्याला तो गुळमुळीतपणा नकारापेक्षा जास्त लागतो. ‘नाही’ लिहा, त्याला एका ओळीचं कारण जोडा आणि शक्य असेल तर दुसरी वाट सुचवा.

मराठीतल्या निसरड्या जागा

संदिग्धतेचे काही सापळे आपल्या भाषेत कायमचे आहेत. ते माहीत असले की लिहिताना हात आपोआप थांबतो.

पहिला ‘परवा’. गेलेला परवा आणि येणारा परवा यांना एकच शब्द. बोलताना क्रियापदाने निभावतं, ‘परवा आलो’, ‘परवा येतो’. लिहिताना मात्र, आणि विशेषतः मोबाइलवर पुढे ढकलल्या जाणाऱ्या निरोपात, कुठल्या दिवसापासून मोजायचं हेच हरवतं. ‘पुढच्या रविवारी’चंही तसंच. मंगळवारी हे वाचणारा काही वेळा येता रविवार धरतो, काही वेळा त्यानंतरचा. वार आणि तारीख दोन्ही लिहा. दोन्ही लिहिल्याचा आणखी एक फायदा आहे: तारीख चुकली तर वार जुळत नाही आणि चूक वेळेत सापडते.

‘रात्री १२ वाजता’ लिहिताना तारीख कुठली? ‘शनिवार रात्री १२’ म्हणजे शनिवार संपताना की सुरू होताना? ‘शनिवारी रात्री ११.५९ पर्यंत’ लिहा, वादच उरत नाही. ‘१० तारखेपर्यंत’मध्ये १० धरायची का? ‘१० तारीख धरून’ हे दोनच शब्द जास्त लागतात.

मग ‘आपण’. मराठीची एक मोठी सोय आहे. ‘आम्ही त्र्यंबकला निघालो’ म्हटलं की ऐकणारा त्यात नाही आणि ‘आपण त्र्यंबकला जाऊ’ म्हटलं की तो आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद दिसत नाही. पण हेच ‘आपण’ आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणूनही वापरतो. ‘गाडीभाडे आपण द्यायचे आहे’ हा निरोप वऱ्हाडाच्या बसबद्दल मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना पाठवला, तर दोन घरांत दोन अर्थ होतात. पैसे, काम आणि जबाबदारी यांच्या वाक्यात ‘आपण’ लिहूच नका. ‘तुम्ही’, ‘आम्ही’, ‘दोघांनी निम्मे निम्मे’ यांपैकी जे असेल ते लिहा. ‘तुम्ही’ म्हटल्याने मान कमी होत नाही. मान राखायला पुढे ‘कृपया’ आणि नावामागे ‘श्री.’, ‘सौ.’ आहेतच.

‘त्याच्या’ आणि ‘आपल्या’मधला फरक मात्र भाषेने आपल्याला फुकट दिला आहे आणि आपण तो वाया घालवतो. ‘मामांनी भाच्याला आपल्या दुकानात बसवलं’ यात दुकान मामांचं. ‘त्याच्या दुकानात बसवलं’ म्हटलं की ते भाच्याचं किंवा आणखी कुणाचं. अर्जात असं वाक्य आलं तर सर्वनाम सोडून नावच पुन्हा लिहा. तेच नाव पुन्हा आलं तर निबंधात गुण जातील, पण सातबाराच्या अर्जात जाणार नाहीत.

‘सगळे सभासद आले नाहीत.’ एकही आला नाही, की काही आले आणि काही नाही? इतिवृत्तात हे वाक्य असेल तर गणपूर्तीचा, म्हणजे बैठकीला लागणाऱ्या किमान हजेरीचा, प्रश्न उभा राहतो. ‘एकही सभासद आला नाही’ किंवा ‘४० पैकी १८ सभासद आले’ असं लिहा. विशेषण कुणाला चिकटतं तेही पाहा. ‘मोफत रुग्णांसाठी औषधे’ यात मोफत काय आहे? ‘रुग्णांसाठी मोफत औषधे.’ विशेषण ज्याचं आहे त्याच्या अंगाला लावून ठेवा.

आकड्यांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे पैसे जातात. सव्वाशे, पावणेदोनशे, अडीच हजार, साडेतीन लाख हे शब्द आपल्या कानात इतके मुरलेले आहेत की ते सगळ्यांनाच कळतात असं वाटतं. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या तरुण मुलाला ‘पावणेदोनशे’ म्हणजे १७५ हे बहुधा पटकन उमगत नाही, आणि परप्रांतातून अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामाला आलेल्या माणसाला तर त्याहून कमी. बोलताना हे शब्द जरूर वापरा, ते टिकायला हवेत. कागदावर मात्र आकडा लिहा आणि शेजारी अक्षरी: रु. १७,५०० (अक्षरी सतरा हजार पाचशे फक्त). अक्षरी लिहिण्याची रीत खाडाखोडीपासून वाचण्यासाठी आहे. एका अक्षराने काय होतं याची सर्वांत ठाऊक असलेली आख्यायिका नाशिकच्या वेशीवरून जाते. गंगापूर रोडवरची आनंदवल्ली, जिथे राघोबादादा राहिले, ती आनंदीबाईंच्या नावाने ओळखली जाते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, आणि हुकमातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं, असं परंपरा सांगते. ‘ध चा मा’ तिथून भाषेत आला.

आणि आपली नाशिकची म्हणून काही खास ठिकाणं. आपण सहज म्हणतो, ‘गंगेवर भेटू’. गोदावरीला गंगा म्हणणं आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय, की पुण्या-नागपूरहून आलेल्या पाहुण्याचा गोंधळ आपल्या लक्षातही येत नाही. ‘पंचवटीने या’ म्हणजे पंचवटी एक्सप्रेसने की पंचवटीतल्या रस्त्याने? ‘नाशिक स्टेशनजवळ’ लिहिलं तर बाहेरचा माणूस रेल्वे स्टेशन शहराच्या मध्यात असेल असं समजतो. ते नाशिकरोडला आहे, जुन्या गावापासून बरंच दूर. २०२७ च्या सिंहस्थाला लाखो लोक येतील आणि त्यांना पत्ते आपणच सांगणार आहोत. पत्ता लिहिताना विभागाचं नाव, मोठी खूण आणि पिनकोड हे तिन्ही द्या. ‘डावीकडे’ लिहिलंत तर कुठून येताना डावीकडे तेही लिहा: ‘रविवार कारंजाकडून रामकुंडाकडे येताना डाव्या हाताला.’

काम कोण करणार ते लिहा

‘करण्यात येईल’, ‘घेण्यात यावी’, ‘कळविण्यात येते’. या वाक्यांत काम होतं, पण करणारा दिसत नाही. सरकारी परिपत्रकात कधी कधी त्याची गरज असते, कारण तिथे आज एक अधिकारी असतो आणि उद्या दुसरा. घरगुती आणि सोसायटीच्या कामात ती नसते. ‘गळती दुरुस्त करण्यात येईल’ हे वाक्य वर्षभर फलकावर राहू शकतं. ‘गळती सचिव ३० जूनपर्यंत दुरुस्त करून घेतील’ हे राहू शकत नाही. करणारा आणि मुदत एका वाक्यात आली की काम कुणाच्या तरी अंगावर पडतं. अनेकदा ‘करण्यात येईल’ मुद्दाम लिहिलं जातं तेही याचसाठी, कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून. ते ओळखायला शिका आणि बैठकीत ‘कोण करणार?’ हा प्रश्न शांतपणे विचारा.

आता वरची पाण्याची सूचना पुन्हा लिहून पाहू:

“शनिवार, १४ जून २०२५ रोजी सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळेत आपल्या इमारतीच्या टाक्या धुतल्या जातील. या वेळेत पिण्याच्या आणि वापराच्या, दोन्ही नळांना पाणी येणार नाही. सकाळी १० च्या आत पाणी भरून ठेवा. संध्याकाळी पाणी सुरू झाल्यावर पहिली पाच मिनिटं ते वाहू द्या, पिऊ नका. घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असल्यास जास्तीच्या पाण्यासाठी शुक्रवारपर्यंत सचिवांना सांगा. — सचिव, गुरुवार, १२ जून २०२५”

पहिल्यापेक्षा लांब झाली, खरं आहे. पण तिच्यातला एकही शब्द फोन करायला लावत नाही.

‘च’, ‘ही’, ‘फक्त’

यांच्याबद्दल थोडक्यात. हे शब्द ज्याच्या शेजारी बसतात त्याच्यावर जोर देतात. ‘मीच पैसे दिले’ (दुसऱ्या कुणी नाही), ‘मी पैसेच दिले’ (वस्तू नाही), ‘मी पैसे दिलेच’ (दिले नाहीत असं म्हणू नका). ‘फक्त सोमवारी अर्ज स्वीकारले जातील’ आणि ‘सोमवारी फक्त अर्ज स्वीकारले जातील’ यांत दुसऱ्या वाक्याने चौकशीला आलेला माणूस परत जातो. लिहून झाल्यावर प्रत्येक ‘च’ आणि ‘फक्त’ला बोट लावून विचारा: हा कुणाला धरून बसलाय?

म्हणजे, म्हणजेच, अर्थात

उलगडून सांगणारे हे शब्द खरे उपयोगाचे, पण त्यांच्यात अंतर आहे. ‘म्हणजे’ पुढे समजावणी येते. ‘म्हणजेच’ पुढे तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत येते. दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या हव्यात. ‘सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्रित उतारा’ हे बरोबर. ‘सातबारा म्हणजेच मालकीहक्काचा अंतिम पुरावा’ हे चूक, कारण तो महसुली अभिलेख आहे आणि हक्काचा वाद निघाला तर दस्तऐवज तपासले जातात. एका ‘च’ने इतकं मोठं विधान होतं, म्हणून ‘म्हणजेच’ लिहिण्याआधी दोन्ही बाजू उलटसुलट करून पाहा. उलट केल्यावर खोटं ठरलं तर ‘च’ काढा.

‘अर्थात’चे दोन अर्थ आहेत, ‘म्हणजे’ आणि ‘साहजिकच’. ‘सचिव अर्थात खजिनदार सही करतील’ असं वाचल्यावर सचिव आणि खजिनदार एकच व्यक्ती आहे असं वाटू शकतं. नियम आणि करार यांत ‘अर्थात’ टाळा. लेखात, भाषणात चालतो. ‘किंबहुना’ हा ‘किंवा’चा भारदस्त भाऊ नाही, त्याचा अर्थ ‘इतकंच नव्हे, तर त्याहूनही’ असा आहे. ‘इत्यादी’ आणि ‘वगैरे’ यादीच्या शेवटी गोड वाटतात, पण भाडेकरारात ‘वीज, पाणी इत्यादी खर्च भाडेकरू देईल’ लिहिलं की त्या ‘इत्यादी’त काय काय शिरेल सांगता येत नाही. खर्च एकेक करून लिहा.

द्राक्षाचा सौदा

निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबरच्या आसपास छाटणी होते आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत माल निघतो. वर्षभराचं उत्पन्न त्या थोड्या महिन्यांत हाती येतं, आणि अनेक सौदे बांधावर तोंडी होतात. कागद झालाच तर असा:

“माल चांगला असल्यास ठरल्याप्रमाणे बाजारभावाने घेण्यात येईल. पैसे माल गेल्यावर लवकरच.”

चांगला, ठरल्याप्रमाणे, बाजारभावाने, गेल्यावर, लवकरच. दोन वाक्यांत पाच मोघम जागा आणि ‘घेण्यात येईल’मध्ये हरवलेला व्यापारी. प्रत्येक मोघम शब्दाखाली रेघ ओढा आणि त्याच्या जागी माप घाला. आकडे इथे नमुन्यादाखल आहेत, तुमचे तुम्ही भरा:

“गट क्रमांक … मधील थॉमसन द्राक्षाचा सौदा. दर किलोला ४२ रुपये. मण्याचा आकार १६ मिलिमीटर किंवा मोठा, गोडी १८ ब्रिक्स किंवा जास्त. लहान आणि तडे गेलेले मणी बागेतच, शेतकऱ्यासमोर वेगळे काढायचे. वजन बागेतल्या काट्यावर दोघांसमोर. रिकाम्या क्रेटचं वजन वजा. वजन झाल्यावर दरात किंवा वजनात कपात नाही. तोडणी १० ते १४ फेब्रुवारी, दोन्ही दिवस धरून. तोडणीची मजुरी व्यापारी देईल. विसार रु. ५०,००० (अक्षरी पन्नास हजार) आज मिळाला. उरलेली रक्कम शेवटच्या तोडणीनंतर ७ दिवसांच्या आत व्यापारी शेतकऱ्याच्या बँक खात्यात भरेल.”

याच्याखाली आणखी एक ओळ हवी, आणि तीच बहुतेक वेळा राहते: नाही झालं तर काय? १४ फेब्रुवारीपर्यंत व्यापाऱ्याने तोडणी केली नाही आणि १६ तारखेला अवकाळी पाऊस झाला तर नुकसान कुणाचं? विसार परत द्यायचा का? सौदा ठरताना दोघं खुशीत असतात आणि हा प्रश्न अपशकुनासारखा वाटतो. तरी विचारा. तेव्हा तो दोन मिनिटांत मिटतो. कागदावर दोघांची पूर्ण नावं, सह्या, तारीख आणि व्यापाऱ्याच्या बाजार समितीच्या परवान्याचा क्रमांक घ्या, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

माहिती अधिकाराचा अर्ज

स्पष्ट लिहिण्याची इथे खरी परीक्षा होते, कारण मोघम अर्जाला मोघमच उत्तर मिळतं. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चा आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये, आणि माहिती देण्याची मुदत सामान्यतः ३० दिवसांची.

“आमच्या भागातील रस्ता इतका निकृष्ट का झाला याचा स्पष्ट खुलासा करावा व दोषींवर कारवाई करावी.” राग रास्त आहे, पण हा अर्ज वाया जाईल. या कायद्याने कार्यालयाकडे नोंदीत असलेली माहिती मिळते. ‘का’चं उत्तर फाइलमध्ये लिहिलेलं नसेल तर अधिकाऱ्याने ते तयार करून देणं अपेक्षित नाही, आणि कारवाईची मागणी हा तक्रारीचा विषय आहे. म्हणून ‘का’ला कागदांमध्ये फोडा:

“अमुक चौक ते तमुक शाळा या रस्त्याच्या डांबरीकरणाबाबत १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीतील पुढील कागदांच्या प्रती मिळाव्यात: कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, ठेकेदाराला अदा केलेली देयके, आणि दोषदायित्व कालावधी नमूद असलेले कराराचे पान.”

रस्त्याची सुरुवात आणि शेवट आहे, कालावधी आहे, कागदांची नावं आहेत. दोषदायित्व कालावधी म्हणजे कामात निघालेल्या दोषाला ठेकेदार जबाबदार असतो तो काळ. तो संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्याच खर्चाने व्हायला हवी, आणि मग तक्रारीच्या अर्जाला ती प्रत जोडता येते. रागाची जागा त्या दुसऱ्या अर्जात, तिथेही तारखांसकट.

पाठवण्याआधी

घाईचं नसेल तर मजकूर रात्रभर ठेवा. चुन्याचं पाणी न ढवळता ठेवलं की गाळ खाली बसून वर निवळी येते, तसं सकाळी वाचताना कुठलं वाक्य उगाच आहे ते दिसतं. मोठ्याने वाचा, जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा.

मग ज्याला विषय ठाऊक नाही अशा एका माणसाला वाचायला द्या. नवा भाडेकरू, सोसायटीचा वॉचमन, कॉलेजात जाणारी पुतणी. त्यांना ‘समजलं का?’ असं विचारू नका. आपल्याकडे या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. नाही म्हणणं म्हणजे आपल्यात काही कमी आहे असं वाटतं. त्याऐवजी विचारा, ‘हे वाचून तुम्ही आता काय कराल?’ ते जे सांगतील ते तुमच्या मनातलं नसेल तर समजावत बसू नका. कागद बदला. तुम्ही प्रत्येक वाचणाऱ्याच्या शेजारी उभे राहणार नाही आहात.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना मजकुरातच तारीख आणि नाव लिहा, कारण पुढे ढकललेल्या निरोपाला मूळ तारीख राहत नाही. आणि काही बदललं, तर जुना निरोप दुरुस्त करून तसाच पुन्हा टाकू नका. लोक दोन्ही वाचतात आणि जो आधी दिसला तो खरा धरतात. नव्या निरोपाची सुरुवात ‘दुरुस्ती’ या शब्दाने करा, काय बदललं ते पहिल्या ओळीत सांगा आणि काय तसंच आहे तेही लिहा: “दुरुस्ती: बस सकाळी ७ ऐवजी ६.३० ला सुटेल. ठिकाण तेच, मुंबई नाका. तारीख तीच, रविवार, २२ जून.”